पर्थेसचं ऑपरेशन झालं, आता पुढची ४० वर्षं काय बघायचं?

टाके निघाले, प्लास्टर सुटलं, पोर पुन्हा चालायला लागलं की घरातले सगळे म्हणतात, "सुटलो एकदाचे." पण पर्थेसमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या खुब्याच्या या आजारात, ऑपरेशन फळलं की नाही, हे हाडांची वाढ पूर्ण झाल्यावरच नीट कळतं. मुलींमध्ये हे साधारण १४च्या आसपास, मुलांमध्ये १६च्या आसपास. आणि त्याचा खरा हिशेब लागतो तो पोरगं स्वतः पोराबाळांचं झाल्यावर.

माझ्या मुलाच्या मांडीच्या हाडाचं ऑपरेशन तो प्राथमिक शाळेत असताना झालं, आता तो डिप्लोमाला आहे. मधल्या काळात ओपीडीच्या बाकांवर अनेक आईबाप भेटले. सगळ्यांचे प्रश्न तेच, आणि उत्तरं तुकड्यातुकड्यांत मिळालेली. ती इथे एका ओळीने लावून देते. मी डॉक्टर नाही. निर्णय तुमच्या हाडांच्या डॉक्टरांचाच. पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं हे ठाऊक असलं, तर मिळालेली दहा मिनिटं वाया जात नाहीत.

१. आधी निदान पक्कं आहे ना, ते बघा

पर्थेसमध्ये खुब्याच्या गोळ्याचा, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाचा, रक्तपुरवठा काही काळ तुटतो. का तुटतो, हे अजून कुणालाही नक्की सांगता आलेलं नाही. १९१० साली अमेरिकेत लेग, फ्रान्समध्ये काल्व्हे आणि जर्मनीत पर्थेस अशा तिघांनी वेगवेगळं याचं वर्णन केलं. त्याआधी ही मुलं खुब्याच्या क्षयाची म्हणून गणली जायची. आजार बहुतेक ४ ते ८ या वयात सुरू होतो. मुलींपेक्षा मुलांना चार-पाच पट जास्त होतो. आपल्याकडे तो थोड्या मोठ्या वयात सुरू झालेला दिसतो, आणि कर्नाटकातल्या उडुपीच्या किनारपट्टीवर त्याचं प्रमाण बरंच जास्त आढळलं आहे. मणिपालच्या डॉक्टरांनी यावर पुष्कळ काम केलं आहे.

गोळ्याचं हाड आधी मरतं, मग त्याचे तुकडे पडल्यासारखे दिसतात, मग नवं हाड भरतं, शेवटी आकार पक्का होतो. या सगळ्याला दोन ते चार वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात.

इथे तीन ठिकाणी फसगत होते.

पहिली, गुडघा. पोर गुडघा दुखतो म्हणतं, गुडघ्याचा एक्स-रे निघतो, तो चांगला असतो आणि "वाढीचं दुखणं" म्हणून घरी पाठवलं जातं. खुब्याचं दुखणं मांडीतून खाली गुडघ्यात उतरतं. लंगडणाऱ्या मुलाचा गुडघा दुखत असला, तरी खुबा तपासलाच पाहिजे.

दुसरी, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. त्यातही गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि एक्स-रे पर्थेससारखाच दिसू शकतो. गडचिरोली, नंदुरबार, एकूणच विदर्भ आणि सातपुड्याच्या पट्ट्यातल्या कुटुंबांनी सिकलसेलची रक्ततपासणी ऑपरेशनआधी झाली आहे ना, हे विचारावंच. भूल देतानाही ही माहिती लागते.

तिसरी, दोन्ही खुबे. पर्थेस दहा-पंधरा टक्के मुलांत दोन्हीकडे होतो, पण सहसा एक बाजू आधी आणि दुसरी मागून. दोन्ही बाजू एकाच वेळी, एकाच टप्प्यावर दिसल्या, तर थायरॉईड आणि हाडांच्या वाढीचे जन्मजात आजार तपासायला हवेत.

२. कोणतं ऑपरेशन झालं आणि कशासाठी, हे लिहून घ्या

"खुब्याचं ऑपरेशन झालंय" एवढ्यावर पुढच्या डॉक्टरांचं भागत नाही. बहुतेक वेळा दोनांपैकी एक केलेलं असतं. एकात मांडीचं हाड वरच्या बाजूला कापून, थोडं आत झुकवून प्लेट आणि स्क्रूंनी बसवतात. दुसऱ्यात कमरेचं हाड कापून वाटी, म्हणजे गोळा ज्या खोबणीत बसतो ती, गोळ्यावर पुढे ओढून घेतात. टोरांटोच्या सॉल्टर यांनी १९६१ मध्ये मांडलेली ही पद्धत त्यांच्याच नावाने ओळखली जाते. काही मुलांत दोन्ही करावी लागतात, काहींत वाटीच्या कडेला हाडाची फळी वाढवतात.

हेतू एकच. आजारात गोळा मऊ पडलेला असतो. मऊ उकड साच्यात बसली तर मोदकाला आकार येतो, तसा गोळा वाटीच्या आत राहिला तर भरताना गोल भरतो. ऑपरेशनने रक्तपुरवठा परत येत नाही. तो आपल्या गतीने येतो. ऑपरेशन फक्त गोळ्याला जागेवर धरून ठेवतं. त्यामुळे गोळा चपटा होऊन गेल्यावर, म्हणजे तुकडे पडण्याचा टप्पा उलटून गेल्यावर, हेच ऑपरेशन केलं तर फायदा फारसा उरत नाही.

डॉक्टरांना विचारून या गोष्टी एका कागदावर उतरवा: आजार सुरू झाला तेव्हाचं वय, ऑपरेशनच्या वेळचा टप्पा, गोळ्याचा बाहेरचा खांब किती खचला होता (याला हेरिंगचे गट म्हणतात: ए, बी, बी-सी आणि सी; ए सर्वांत कमी खचलेला, सी सर्वांत जास्त), हाड किती अंशांत झुकवलं, आणि प्लेट स्टीलची की टायटॅनियमची.

वय आणि गट यांवर पुढचं पुष्कळ ठरतं. हेरिंग यांच्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात (२००४) ८ वर्षांनंतर आजार सुरू झालेल्या बी आणि बी-सी गटातल्या मुलांना ऑपरेशनचा स्पष्ट फायदा दिसला. ८च्या आतल्या बी गटातली मुलं ऑपरेशन करा न करा, चांगलीच राहिली. सी गटात उपचारांनी फारसा फरक पडला नाही. नॉर्वेतल्या अभ्यासाने मात्र ही रेघ ६ वर्षांवर आणली. निम्म्याहून जास्त गोळा बाधित असेल, तर ६ वर्षांपुढच्या मुलांत मांडीच्या हाडाचं ऑपरेशन पायाला बांधायच्या आधारपट्ट्यांपेक्षा आणि व्यायामापेक्षा सरस ठरलं. म्हणून दोन डॉक्टरांनी दोन मतं दिली, तर त्यातला एक चुकतोय असं लगेच धरू नका.

३. फाईल बांधा. ही पायरी टाळू नका.

डॉक्टरांनी दाखल रुग्णांची कागदपत्रं निदान ३ वर्षं जपावीत, असा नियम आहे. पर्थेसचा हिशेब ३० वर्षांनी होतो. तुमच्याशिवाय ती फाईल कुणीही सांभाळणार नाही. मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्यात, असंही त्याच नियमात आहे. लेखी अर्ज करा आणि पोच घ्या.

फाईलमध्ये हे हवं:

- ऑपरेशनची नोंद. डिस्चार्ज कार्डवर दोन ओळी असतात, त्या पुरत नाहीत. पूर्ण ऑपरेशन नोट वेगळी मागावी लागते.
- प्लेट-स्क्रूच्या पाकिटावरचे स्टिकर किंवा त्यांची झेरॉक्स. कंपनी, माप, धातू सगळं त्यावर असतं. पुढे प्लेट काढताना योग्य पान्हा आणायला हेच लागतं.
- ऑपरेशनच्या आधीचा, लगेच नंतरचा आणि दर तपासणीचा एक्स-रे. प्रत्येक वेळी दोन: दोन्ही खुबे एकत्र दिसणारा समोरून काढलेला आणि बेडकासारखे पाय फाकवून काढलेला.
- एमआरआय झाला असेल तर त्याची सीडी.
- रक्ताचे रिपोर्ट, भुलेची नोंद, औषधाची ॲलर्जी.

एक्स-रेबद्दल थोडं जास्त सांगते, कारण नुकसान इथेच होतं. हल्ली मिळतात त्या काळ्या-निळ्या फिल्म उष्णतेवर छापलेल्या असतात. उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा लोखंडी कपाटाच्या वरच्या फळीवर राहिल्या की काळवंडतात. त्या जपून राहाव्यात म्हणून लॅमिनेशन करायला जाल, तर मशीनमधून अख्खी फिल्म काळी होऊन बाहेर येईल. सेंटरवर सीडी किंवा पेन ड्राईव्हवर मूळ डिजिटल फाईल मागा. खिडकीला धरून मोबाईलवर काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायला ठीक आहे, पण त्यावर गोळ्याची गोलाई मोजता येत नाही.

४. पहिलं वर्ष

यावर डॉक्टर आणि नर्स पुष्कळ सांगतात, म्हणून मी थोडक्यात उरकते.

छातीपासून पायापर्यंतचं प्लास्टर असेल तर ते साधारण सहा आठवडे राहतं. मजबूत प्लेट असेल तर काही डॉक्टर प्लास्टर घालतच नाहीत. शी-शूच्या जागेच्या कडेने प्लास्टिक आत खोचून बाहेर चिकटपट्टीने दुमडून घ्या, नाहीतर आठवडाभरात वास सुटतो. खाज सुटली म्हणून पोर पट्टी, पेन, विणायची सुई आत घालतं, तेवढं सांभाळा. आत जखम झाली तर बाहेरून दिसत नाही. ताप, घाणेरडा वास, बोटं सुजणं, निळी किंवा गार पडणं यांपैकी काही दिसलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

प्लास्टर निघाल्यावर पाय काडीसारखा दिसतो, खुबा आखडलेला असतो आणि पोर पाय टेकायला घाबरतं. याच काळात कुणीतरी हाडवैद्याचं नाव सुचवतं. आतलं हाड अजून भरतंय. जोर लावून ताणणं, मालीश, पाय "बसवून" घेणं यातलं काही नको. फिजिओथेरपीचे व्यायाम रोज, आणि वजन कधी टाकायचं ते डॉक्टर एक्स-रे बघून सांगतील.

प्लेट बहुधा वर्ष-दीड वर्षाने काढतात. फार वर्षं ठेवली तर तिच्यावर हाड चढतं आणि काढणं अवघड होतं. मोठेपणी सांधा बदलायची वेळ आली, तर आत राहिलेली प्लेट मध्ये येते. "त्रास नाही ना, मग राहू दे" असं कुणी म्हटलं, तर कारण विचारा.

५. वाढीची वर्षं: घरी काय बघायचं

तपासणीचं वेळापत्रक साधारण असं असतं: आजार चालू असेपर्यंत तीन-चार महिन्यांनी, नवं हाड भरायला लागल्यावर सहा महिन्यांनी, मग वाढ थांबेपर्यंत वर्षातून एकदा. दहावीच्या आसपास या फेऱ्या हमखास सुटतात. पोर दुखत नाही म्हणतं, क्लास असतात, आणि खरं तर याच वर्षांत दोन महत्त्वाच्या गोष्टी हातातून निसटतात.

एक, पायाची लांबी. हाड आत झुकवल्याने पाय थोडा आखूड होतो, आणि आजारात वरची वाढपट्टी (हाड जिथून लांबीला वाढतं ती जागा) दुखावली असेल तर फरक वाढतच जातो. घरी मोजायची सोपी पद्धत: पोराला अनवाणी, गुडघे ताठ ठेवून उभं करा. मागे बसून दोन्ही कमरेच्या हाडांवर हात ठेवा. आखूड पायाखाली एकेक वही सरकवत जा. दोन्ही हात एका पातळीत आले की वह्यांची जाडी पट्टीने मोजा आणि तारीख घालून फाईलमध्ये लिहा. सेंटिमीटरभर फरकाला बहुतेकदा काहीच लागत नाही. त्याहून थोडा जास्त असेल तर बुटात टाच घालून भागतं. दोन सेंटिमीटरच्या पुढे जाण्याची चिन्हं असतील, तर चांगल्या पायाच्या गुडघ्याजवळची वाढपट्टी वेळेवर बंद करण्याचं छोटं ऑपरेशन असतं. त्याची वेळ उरलेल्या वाढीवरून काढतात. वाढ थांबली की हा मार्ग संपतो. म्हणून बारा-तेराव्या वर्षी हा प्रश्न तुम्हीच काढा.

दोन, लंगडणं. गोळ्याखालची मान आखूड राहते, पण बाजूचा हाडाचा उंचवटा वाढतच राहतो आणि वर सरकतो. त्यामुळे खुब्याच्या बाजूचे स्नायू ढिले पडतात. बघायचं कसं: पोराला ऑपरेशनच्या पायावर उभं करा, दुसरा पाय पुढे उचलायला सांगा आणि अर्धा मिनिट थांबा. उचललेल्या बाजूची कंबर खाली झुकली किंवा अंग ऑपरेशनच्या बाजूला कललं, तर स्नायू कमी पडत आहेत. पहिल्या वर्षात हे चालतं. दोन-तीन वर्षांनीही तसंच असेल तर डॉक्टरांना दाखवा. तो उंचवटा खाली बसवण्याचंही ऑपरेशन आहे.

आणखी एक खूण. पाठीवर झोपवून दोन्ही पाय बाजूला फाकवायला सांगा. आधी जेवढा जात होता त्यापेक्षा पाय कमी फाकतोय असं दिसलं, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. गोळा वाटीच्या कडेवर अडायला लागला असण्याची शक्यता असते.

खेळाचं म्हणाल, तर पोहणं आणि सायकल यांना बहुतेक डॉक्टर लवकर परवानगी देतात. कबड्डी, उड्या, लंगडी हाड पूर्ण भरल्यावर. शाळेत पीटीच्या सरांना एक चिठ्ठी द्या, पण "याला काहीच करू देऊ नका" अशी नको. वर्षानुवर्षं बाकावर बसवलेल्या मुलांचं वजन वाढतं, आणि तो भार शेवटी त्याच खुब्यावर येतो.

६. वाढ थांबल्यावरचा एक्स-रे: हाच निकाल

या एक्स-रेवर डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: "स्टलबर्गचा कितवा वर्ग?" १९८१ साली मांडलेले हे पाच वर्ग आजही वापरले जातात.

पहिल्या वर्गात खुबा जवळपास नेहमीसारखा. दुसऱ्यात गोळा गोलच, पण मोठा, मान आखूड. या दोन्हींत पुढे सांधा झिजणं विरळा. तिसऱ्यात गोळा लांबट, छत्रीसारखा. चौथ्यात चपटा, पण वाटीही त्याला जुळेल अशी चपटी. या दोघांत उतारवयाकडे झुकताना कमी-अधिक झीज येते. पाचव्यात गोळा चपटा आणि वाटी गोल, म्हणजे जुळणीच नाही. यात पन्नाशीच्या आतच जोरात झीज होते.

ऑपरेशनचा खरा उद्देश पोराला पाचवरून एकवर आणणं हा नसतो. एखादा वर्ग सुधारला, तरी पुढची वीस वर्षं सुसह्य होतात. ते कागदावर लहान वाटतं, पण चाळिशीत जिना चढताना फरक कळतो.

७. विशीपासून पन्नाशीपर्यंत

आयोवा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी आपल्या जुन्या पर्थेस रुग्णांना अनेक दशकं पुन्हा पुन्हा तपासलं. सरासरी ३६ वर्षांनी बहुतेक जण कामाधंद्यात होते आणि फारसं दुखत नव्हतं. सरासरी ४८ वर्षांनी पाहिलं, तेव्हा ४० टक्क्यांचा सांधा बदललेला होता. ही मुलं आजच्यासारखी ऑपरेशन झालेली नव्हती, हे लक्षात ठेवून हा आकडा वाचा. आजच्या पद्धतीने ऑपरेशन झालेल्या मुलांचे निकाल बहुतेक वाढ थांबेपर्यंतचे किंवा त्यानंतरच्या काही वर्षांचेच आहेत. कुणी "आयुष्यभराची गॅरंटी" देत असेल, तर ती कशाच्या आधारावर, हे जरूर विचारा.

माझी एक तक्रार या सगळ्या अभ्यासांबद्दल आहे. त्यांत दुखणं मोजतात, चालणं मोजतात, सांधा बदलला का ते मोजतात. मांडी घालून पंगतीत बसता येतं का, भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसता येतं का, हे क्वचितच कुणी विचारतं. आपल्याकडे मुलाची पहिली अडचण तिथेच येते. तपासणीला जाल तेव्हा हे मुद्दाम सांगा.

विशीत पुढे वाकताना, उकिडवं बसताना किंवा बाईकवरून उतरताना जांघेत कळ येत असेल, तर बेढब गोळा वाटीच्या कडेवर घासत असू शकतो. ही म्हातारपणाची झीज नव्हे. काहींमध्ये गोळ्याचा जादा भाग तासून किंवा वाटी फिरवून आराम देता येतो. पण हे काम मोजके लोकच करतात. म्हणून मोठ्या शहरातल्या, खुबा जपण्याची शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. झीज फार झाल्यावर हा पर्याय राहत नाही. नुसत्या दुखण्याच्या गोळ्यांवर दोन वर्षं काढणं हीच इथली सर्वांत महाग चूक.

सांधा बदलावा लागलाच, तर तो चांगला चालतो. मात्र लहानपणी झुकवलेल्या हाडात तो बसवणं नेहमीपेक्षा अवघड असतं. त्या सर्जनना तिसऱ्या पायरीतली फाईल द्या, प्लेटच्या स्टिकरसकट.

८. पैसे आणि कागद

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशन कार्ड, मुलाचं आणि पालकांचं आधार (मुलाचं नसेल तर जन्मदाखला) घेऊन आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलावर जा. तुमचं ऑपरेशन यादीत कोणत्या नावाने बसतं, हे भरती होण्याआधी विचारा, कारण मंजुरी आधी लागते. गोव्यातल्या कुटुंबांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. शाळेत किंवा अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला मूल लंगडतंय हे सांगितलं, तर पुढच्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळते.

अपंगत्वाच्या बहुतेक सवलतींना ४० टक्क्यांची अट आहे. पर्थेसची बरीच मुलं त्यात बसत नाहीत. तरी फरक मोठा असेल तर यूडीआयडीसाठी (अपंगत्वाच्या ओळखपत्रासाठी) अर्ज करून बघा. पोलीस किंवा सैन्यभरतीचं मनात असेल, तर मैदानाची तयारी सुरू करण्याआधी वैद्यकीय निकष वाचून घ्या.

आरोग्य विमा घेताना लहानपणचं ऑपरेशन फॉर्मवर लिहा. आधीपासूनच्या आजारासाठी थांबण्याचा काळ आता जास्तीत जास्त ३ वर्षं आहे. मुलगा कमावता झाला की त्याच वर्षी पॉलिसी काढली, तर तिशीत गरज पडेल तेव्हा तो काळ संपलेला असेल. फॉर्मवर ऑपरेशन लपवलं, तर पुढे क्लेम नाकारायला कंपनीला तेवढंच निमित्त पुरतं.